दिवा, घोडा, पितळ, सुई, वांगं

घिवलीत कुणाच्या घरची हळद असली आणि जयवंतीबाय आली नसली, तर नवरा पाटावर बसत नाही. म्हणजे तो बिचारा बसायला तयार असतो, बायका बसू देत नाहीत. मंडपाच्या कोपऱ्यात डीजेवाल्याने आपले काळे खोके छपराला टेकतील असे रचलेले असतात. जयवंतीबाय येते, त्याच्याकडे एकदा नुसती बघते, आणि तो आपणहून चहा प्यायला निघून जातो. मग ती पदर खोचून मांडी घालते, एक हात कानावर ठेवते आणि पहिली ओळ सोडते. मागच्या बायका ती उचलतात. हळद दळायचं गाणं वेगळं, नवरीला रडवायचं वेगळं, आणि विहीणबाईचा उद्धार करायचं त्याहून वेगळं. हे शेवटचं ती जरा जास्तच मन लावून म्हणते, असं गावातल्या बऱ्याच विहिणींचं मत आहे.

बाई सत्तरीला टेकलेली. अंगाने काटक, आवाजाने मात्र दोन माणसांइतकी. माहेर केळव्याचं, लग्न होऊन घिवलीत आली ती धर्माजीच्या घरात. धर्माजीची समुद्राच्या बाजूला नारळ, केळी आणि मोगऱ्याची वाडी. माणूस अबोल. पहाटे कळ्या खुडायच्या, सायकलला टोपली बांधून बोईसरच्या बाजारात न्यायच्या, दुपारी घरी येऊन जेवायचं आणि बायको काय बोलते ते ऐकत पडायचं, असा त्याचा संसार. नवराबायकोच्या वाटणीचे शब्द जयवंतीबाय एकटीच वापरते आणि त्याची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

एकाच बाबतीत धर्माजी माघार घेत नसे. त्यांच्या लग्नाच्या पंगतीत वांग्याची भाजी बिघडली होती. जयवंतीबायचं म्हणणं, ती खारट झाली होती. धर्माजीचं म्हणणं, अळणी. आचारी धर्माजीच्या बाजूचा असल्यामुळे प्रश्न दोन्ही घराण्यांच्या इभ्रतीचा होता. त्या पंगतीला जेवलेली बहुतेक मंडळी आता देवाघरी गेली, आचारीही गेला, वाद मात्र जिवंत होता. घरात कधीही वांगं शिजलं की एक घास घेऊन धर्माजी शांतपणे म्हणायचा, अशीच अळणी होती. मग बाय दिवसभर बोलायची.

गेल्या दोन पावसाळ्यांत या धर्माजीचं काहीतरी सुटत चाललं होतं. मोगऱ्याला पाणी देऊन यायचा आणि चहा पिऊन पुन्हा पंप सुरू करायला निघायचा. कोयता तांदळाच्या पिंपात सापडला. एकदा बोईसरला म्हणून गेला तो बेटेगावात एका टपरीवर बसून राहिला, आणि आपण इथं कशाला आलो हे त्याला सांगता येईना. टपरीवाल्याने त्याच्या खिशातल्या फोनवरून घरी कळवलं. मुलगा शैलेश तारापूरच्या कारखान्यातून पाळी सोडून धावला आणि बापाला घेऊन आला.

शैलेश म्हणाला, बाबांना डॉक्टरकडे न्यायला हवं. आईने त्याला गप्प केलं आणि गावात सांगितलं की हे बेटेगावला म्हैस बघायला गेले होते. झालं, संध्याकाळपर्यंत चार जण म्हशीची चौकशी करून गेले. तेव्हा बायला त्या म्हशीचा रंग ठरवावा लागला, दूध ठरवावं लागलं, आणि शेवटी एक शिंग वाकडं निघालं म्हणून व्यवहार मोडावा लागला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती मूठ झाकून ठेवायला किती मेहनत पडते ते जयवंतीबायला विचारावं.

तिला भीती होती ती एकाच गोष्टीची. गावात धर्माजीला कुणी खुळा म्हणू नये. तिच्या लहानपणी केळव्याला एक म्हातारा असाच भटकायचा, पोरं त्याच्या मागे टाळ्या पिटत जायची. ती स्वतःही गेली होती. आता तो म्हातारा तिला रोज आठवत होता.

म्हणून तिने एक युक्ती काढली. धर्माजी विसरायच्या आत ती आठवायची. वाटेत कुणी दिसलं की लांबूनच तिचा आवाज सुरू व्हायचा. "हे बघा, मासवणचे दामूभाऊ आले. तुमच्या आतेबहिणीचे दीर. यांच्याकडनं आपण तांदूळ आणला." दामूभाऊ बुचकळ्यात पडायचा, कारण आपण कोण हे त्याला ठाऊक होतं. धर्माजी मात्र हसून राम राम करायचा. शेजारची लाडकी रोज सकाळी ताक मागायला यायची, तर तिचीही रोज वंशावळ सांगून ओळख व्हायची. गावाला वाटलं, बाय म्हातारपणी फारच बोलायला लागली. साऱ्या पंचक्रोशीची नावं तिच्या तोंडी होती, एक सोडून. नवऱ्याचं नाव तिने उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. तो 'हे' होता, फार तर 'शैलेशचे बाबा'.

अशात मुंबईच्या एका संस्थेची माणसं घिवलीत आली. पुढे होती डॉक्टर समिधा, पालघरचीच पोरगी, चष्मा नाकावरून सारखा घसरणारी. देवळाच्या मंडपात तिने गावाला जमवून सांगितलं की आम्हाला साठीच्या पुढच्या माणसांचं थोडं थोडं रक्त हवं आहे. गाव अणुवीज केंद्राच्या शेजारचं, त्यामुळे नमुने गोळा करणारी माणसं गावाला नवी नव्हती. दूध, मासळी, गवत असं काय काय कुणी ना कुणी नेतच असतं. आता माणसांचीही पाळी आली, असं एक जण म्हणाला. दुसऱ्याने विचारलं की त्या केंद्राचा आणि याचा काही संबंध आहे का. समिधा म्हणाली, नाही हो. म्हातारपणी काहींची आठवण झिजते, ती पुण्यात झिजते, पालघरात झिजते, तशी घिवलीतही.

मग तिने समजावलं. घराचं छप्पर कुजायला लागलं की वर चढून बघायच्या आधीच खालच्या पाण्याच्या पिंपात काड्या-कचरा दिसतो ना, तसं आहे. मेंदूतल्या पेशी झिजू लागल्या की त्यांचे बारीक कण रक्तात उतरतात. आज मेंदूचं दुखणं नक्की करायचं तर मुंबईला जाऊन महागडे फोटो काढा, नाहीतर पाठीच्या कण्यातून पाणी काढा. त्याऐवजी दंडातल्या रक्तावरून ते आधीच कळेल का, याचा आम्ही शोध घेतोय. त्यासाठी विसरणाऱ्यांचं रक्त हवं आणि न विसरणाऱ्यांचंही. कोण कुठल्या गटात, ते ठरवायला एक छोटी परीक्षा होईल.

परीक्षा म्हटल्यावर गावाने कंबर कसली. आपलं रक्त मुंबईच्या मशीनखाली पातळ निघालं तर आपल्याआधी शिबिर झालेल्या बेटेगावला काय तोंड दाखवायचं? घरोघरी बीट किसलं जाऊ लागलं, डाळिंबं सोलली जाऊ लागली. एका आजोबांनी इतकं बीट खाल्लं की सकाळी परसाकडे जाऊन आल्यावर ते घाबरून देवाचं नाव घेत बसले.

शिबिर दोन दिवसांचं होतं. पहिल्या दिवशी लाडकी आत जाऊन आली. आता घिवलीत एक रीत आहे. तहसील असो, बँक असो, दवाखाना असो, आतून बाहेर आलेल्या माणसाने रांगेतल्यांना आत काय विचारतात ते सांगायचं. जो गुपचूप निघून जातो त्याच्या घरी पुढे कुणी हळदीकुंकवालाही जात नाही. तेव्हा लाडकीने दंडावरचा कापूस दाबत पायरीवर बसून सगळं सांगितलं. ती पोरगी पाच शब्द सांगते, मग घरच्या चार गोष्टी विचारून तुमचं लक्ष दुसरीकडे नेते, आणि मग ते पाच शब्द परत मागते. शब्द असे: दिवा, घोडा, पितळ, सुई, वांगं.

जयवंतीबाय ते पाच शब्द पुटपुटतच घराकडे निघाली. धर्माजीची पाळी दुसऱ्या दिवशी होती.

घरी आल्यावर तिने त्याला समोर बसवलं आणि घोकंपट्टी सुरू केली. दिवा, घोडा म्हणून झालं की पितळेपाशी गाडी अडायची. पितळ आठवावं तर दिवा विझायचा. चहा होईपर्यंत पाचही शब्द गेले आणि धर्माजीने तिला विचारलं की आज कळ्या खुडल्या का. ती चिडली, मग चिडल्याबद्दल स्वतःवरच चिडली, आणि मुकाट्याने तांदूळ निवडायला बसली. हात चालू झाले की तिचा गळा आपोआप चालू होतो. हळदीच्या गाण्याची चाल ती गुणगुणू लागली आणि पाठीमागून दुसरा आवाज आला. धर्माजी पुढची ओळ म्हणत होता. बिनचूक. जन्मभर या घरात ऐकलेलं गाणं त्याच्या आत कुठेतरी जसंच्या तसं होतं.

बायने सूप खाली ठेवलं आणि नवं गाणं रचलं.

दिवा लाविला देव्हाऱ्यात गो बाय
घोडा नवऱ्याचा दारात
पितळंची घागर डोईवर गो बाय
सुई मोगऱ्याच्या हारात
वांगं शिजलं पंगतीला गो बाय
मीठ सांडलं सारात

शेवटची ओळ परीक्षेत नव्हती, ती तिने आपल्या बाजूचा पुरावा म्हणून घातली. दिवेलागणीपर्यंत धर्माजीला गाणं पाठ झालं. पाठ आणखी कुणाला झालं, तर कुंपणापलीकडे कान देऊन बसलेल्या लाडकीला. तिच्याकडून ते तिच्या जावेला, जावेकडून विहिरीवर. सकाळी मंडपाबाहेरची सगळी म्हातारी मंडळी ओठातल्या ओठात लग्न लावत बसली होती.

परीक्षेला बाय धर्माजीच्या शेजारीच बसली, कारण घरच्या माणसालाही प्रश्न होते. समिधाने वार विचारला तेव्हा ती मध्येच म्हणाली की आज गुरुवार, आज आमच्याकडे मासळी नाही, तेव्हा डॉक्टरणीने जेवायला यायचं ते उद्या. धर्माजीने मान डोलावून गुरुवार म्हटलं. हे विसरतात का, असं विचारल्यावर ती म्हणाली, विसरले असते तर मी सुखी असते. मग पाच शब्दांची वेळ आली. धर्माजीने टेबलावर बोटांनी ताल धरला, पाचही शब्द ओळीने सांगितले आणि शेवटी गंभीरपणे म्हणाला, "गो बाय." समिधाला वाटलं, आजोबा आपल्याला मायेने बोलतायत. तिने पुरे गुण दिले आणि रक्ताची नळी 'न विसरणाऱ्यां'च्या खोक्यात गेली.

शिबिराच्या त्या दुसऱ्या दिवशी जवळजवळ प्रत्येकाला पुरे गुण पडले. समिधा थक्क झाली. म्हणाली, इतक्या गावांतून फिरले, अशी स्मरणशक्ती कुठे पाहिली नाही, ही मासळीची करामत असावी. गावाने ते खरं मानलं. बेटेगावचे निकाल साधारणच होते, हे कळल्यावर तर बऱ्याच जणांचे गुडघेही दुखायचे थांबले.

पुढे सहा-सात महिने गेले आणि समिधा पुन्हा आली, या वेळी एकटीच. चेहरा उतरलेला. मंडपात बसून तिने सांगितलं की घिवलीच्या नमुन्यांनी गोंधळ केला आहे. दुसऱ्या गावांत ज्यांची आठवण झिजली त्यांच्या रक्तात एक विशिष्ट प्रथिन जास्त मिळतं, बाकीच्यांत कमी. इथं मात्र पुरे गुण मिळवणाऱ्या काही जणांच्या रक्तातही ते भरपूर आहे. नावं ती सांगणार नव्हती. वरिष्ठांचं म्हणणं, एकतर नमुने वाटेत बर्फाअभावी खराब झाले, नाहीतर हे प्रथिनच खोटारडं आहे. त्यामुळे घिवलीचं सगळं रक्त फेकून द्यायचं ठरत होतं. बर्फ कमी पडला होता का, उन्हात पेटी कुणी उघडली होती का, एवढंच विचारायला ती आली होती.

बायका एकमेकींकडे बघत होत्या. जयवंतीबाय खांबाला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यापुढे धर्माजीच्या दंडातून भरत गेलेली ती नळी आली. तेव्हा त्याने सुईकडे बघत तिचा हात घट्ट धरला होता, लहान पोरासारखा. तेवढ्या घोटभर रक्ताने मुंबईपर्यंत जाऊन खरं ते सांगितलं होतं, आणि आता त्यालाच खोटारडं ठरवून मोरीत ओतणार होते. तिला ते सहन होईना. कुणी आपल्या माणसावर आळ घ्यावा आणि आपण ऐकून घ्यावं, हे तिच्या स्वभावात नव्हतं.

ती उठून उभी राहिली. एवढ्या लग्नांत गायली, पण कधी तिचा आवाज असा फुटला नव्हता.

"बाय, बरफ कमी नव्हता. रगत खोटं नाय बोललं. खोटं मी बोलले. आमचे हे इसरतात. लय इसरतात."

मग तिने सगळं सांगितलं, अगदी म्हशीपासून. गाणंही म्हणून दाखवलं, कारण त्याशिवाय समिधाला ते पटलं नसतं. समिधाने चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि हसावं की रडावं ते न कळून थोडं थोडं दोन्ही केलं. म्हणाली, चूक माझी पण आहे काकी, दुसऱ्या दिवशी मी शब्द बदलायला हवे होते.

बाय मात्र गावाकडे बघत होती. आता कुणीतरी हसेल, कुणीतरी तो शब्द उच्चारेल, याची ती वाट बघत होती. पुढे आली लाडकी.

"आमाला ठाव हाय गो," लाडकी म्हणाली. "कवापासनं. तू लपवत होतीस मनून आमीपन गप होतो."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ते हे असं. एकेक गोष्ट बाहेर पडू लागली. बाजारात धर्माजी एकाच टोपलीचे पैसे दोनदा मागायचा, तेव्हा फुलवाला हसून बोलण्यात वेळ काढायचा आणि मग त्याला घरच्या वाटेला लावून द्यायचा. सुरू राहिलेला पंप लाडकीचा नवरा कितीदा कुंपण ओलांडून बंद करून गेला होता. लाडकीला तर ताक आवडतच नव्हतं. बाय कामात असते तेव्हा धर्माजी घरात आहे ना, हे बघायला ती रोज यायची. आणि ती म्हैस नव्हती, हे सगळ्या गावाला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. चौकशीला आलेले चौघे नुसती मजा बघायला आले होते, बाय शिंगापर्यंत पोचते का यावर त्यांनी पैजही लावली होती. बायला राग यायला हवा होता. तिने पदरात तोंड घातलं आणि भडभडून रडली. बऱ्याच दिवसांचं साचलेलं होतं.

तिचं पाहून आणखी दोन घरांनी तोंड उघडलं. एकाच्या आईचं तसंच होतं, दुसऱ्याच्या काकाचं.

परीक्षा पुन्हा झाली, नव्या शब्दांनी. ते शब्द बाहेर सांगायचे नाहीत अशी देवळातल्या देवापुढे शपथ झाली. बाहेर येणारा प्रत्येक जण तोंड मिटून पायरी उतरत होता आणि जन्माची रीत मोडल्यासारखा ओशाळा दिसत होता. समिधाने धर्माजीला पाच शब्द सांगितले, मोगऱ्याची चौकशी केली आणि शब्द परत मागितले. धर्माजीने जयवंतीबायकडे पाहिलं. तिने सगळे शब्द ऐकले होते, ते जिभेच्या टोकावर होते, एक भुवई हलवली असती तरी त्याने पहिला शब्द उचलला असता. तिने मान खाली घातली आणि फरशीकडे बघत राहिली. आजवर नवऱ्यासाठी तिने जे काही केलं होतं त्यात हे गप्प बसणं सगळ्यांत अवघड गेलं. बऱ्याच वेळाने धर्माजी प्रसन्न हसला आणि म्हणाला, "दिवा, घोडा, पितळ, सुई, वांगं." समिधाने शून्य लिहिलं.

घिवलीचं रक्त फेकलं गेलं नाही. ते प्रथिन शेवटी किती कामाचं ठरेल हे अजून नक्की नाही, शोध चालू आहे, असं समिधा स्पष्ट सांगते. आणि हेही सांगते की नुसत्या या रक्तावरून आज कुणाला आजारी ठरवायचं नाही, आधी रीतसर तपासून घ्यायचं. तिच्याच सांगण्यावरून शैलेश बापाला मुंबईला घेऊन गेला. तपासण्या झाल्या, दुखणं तेच निघालं, गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, बरं होणार नाही, पण सांभाळता येईल. आणि गाणी म्हणत जा. तेवढ्यासाठी मुंबईला जायची काही गरज नव्हती, असं बायचं मत पडलं.

आता ती पूर्वीइतकी बोलत नाही. वाटेत माणूस दिसला की तोच आपणहून सांगतो, मी अमक्याचा तमका, राम राम. धर्माजीही राम राम करतो.

परवा संध्याकाळी ती ओट्यावर मोगऱ्याचे हार ओवत बसली होती. धर्माजी वाडीतून आला, पायरीशी थांबला आणि तिच्याकडे बघत राहिला. पाहुण्या बाईकडे बघावं तसं, अदबीने. बायच्या हातातली सुई थांबली. हे एक दिवस होणार हे तिला मुंबईच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, पण सांगून ठेवल्याने काही होत नाही. आजूबाजूला कुणी नव्हतं, ओळख करून द्यायला तिच्याशिवाय दुसरं माणूस नव्हतं. तेव्हा तिने घसा साफ केला आणि साऱ्या गावाची करून दिली तशीच ती करून दिली.

"मी जयवंती. केळव्याची. घिवलीच्या धर्माजीची बायको. आमच्या लग्नात वांग्याची भाजी खारट झालती, तीच मी."

आयुष्यात पहिल्यांदा घेतलेलं नाव तिच्याच कानाला परकं लागलं. धर्माजी तसाच उभा होता. मग त्याच्या कपाळावर हळूहळू एक आठी आली.

"खारट नाय," तो म्हणाला. "अळणी."

आणि पायरी चढून तिच्या शेजारी येऊन बसला.